अनुदान कंपनीला नको, मार्गाला द्या
(नांदेड-लातूर विमानसेवेबाबतचे मागणीपत्र)

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मराठवाड्यातील प्रादेशिक विमानसेवा खुली, नियमित आणि कायम राहण्यासाठी धोरणात करावयाच्या बदलांबाबत.

महोदय,

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील व्यापारी, डाळमिल व हळद व्यवसायातील मंडळी, डॉक्टर, शिक्षक, वाहतूकदार आणि नेहमी प्रवास करणारे नागरिक यांच्या संघटनेच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत. विमान सुरू करा, एवढेच मागायचे असते तर एका पानात भागले असते. तशी निवेदने या भागातून वर्षानुवर्षे गेली. त्यांची पोच मिळाली, काही वेळा विमानही मिळाले, पण ते टिकले नाही. म्हणून या वेळी विमान का टिकत नाही याचा शोध घेऊन धोरणात नेमके काय बदलावे ते मांडत आहोत.

1953 च्या हवाई महामंडळ कायद्याने देशातील विमान वाहतूक सरकारी महामंडळांच्या हाती दिली. 1994 मध्ये तो कायदा रद्द झाला आणि आकाश खासगी कंपन्यांना खुले झाले. त्याला आमचा विरोध नाही. ते आणखी खुले व्हावे, असेच आम्हाला वाटते. पण जिथे धंदा आपोआप उभा राहत नाही तिथे सेवा सुरू ठेवण्याचे बंधन या खुल्या व्यवस्थेत कोणावरच राहिले नाही. कंपनीला ठरावीक मुदतीचे अनुदान मिळते, मार्गाला कसलीही हमी नसते. कंपनी थांबली की मार्गही थांबतो. आमच्या सगळ्या मागण्या या एका दोषाभोवती आहेत.

हे आम्ही सोसलेले आहे

ऑक्टोबर 2008 मध्ये गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी नांदेडला साजरी झाली. श्री गुरू गोविंदसिंगजींनी 1708 मध्ये याच गोदाकाठी देह ठेवला आणि गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिले. देश-विदेशातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्या वेळी शहरातील रस्ते, घाट, पूल झाले आणि विमानतळाचाही कायापालट झाला. सुमारे 2300 मीटरची धावपट्टी आणि नवी प्रवासी इमारत नांदेडला मिळाली. किंगफिशर आणि गोएअरची विमाने त्याच सुमारास येथे उतरू लागली, किंगफिशरमुळे लातूरही मुंबईशी जोडले गेले. 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली, तोवर दोन्ही शहरांच्या धावपट्ट्या प्रवासी विमानांविना ओस पडल्या होत्या.

27 एप्रिल 2017 रोजी मा. पंतप्रधानांनी सिमल्याहून प्रादेशिक विमानसेवेच्या ‘उडान’ योजनेचा आरंभ केला. सिमला-दिल्ली, कडप्पा-हैदराबाद आणि नांदेड-हैदराबाद हे त्या दिवसाचे पहिले तीन मार्ग. देशाच्या या योजनेच्या पहिल्याच पानावर नांदेडचे नाव आहे, याचा आम्हाला तेव्हा झालेला आनंद खरा होता. ट्रूजेटची एटीआर विमाने हैदराबादला आणि पुढे मुंबईलाही जाऊ लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एअर इंडियाने नांदेड-अमृतसर सेवा सुरू केली, तेव्हा नांदेडचे हजूरसाहिब आणि अमृतसरचे हरमंदिरसाहिब ही दोन स्थाने काही तासांच्या अंतरावर आली. नंतर करोना आला. ट्रूजेटची उड्डाणे 2022 च्या सुरुवातीला थांबली आणि नांदेडचे प्रवासी पुन्हा रेल्वेच्या प्रतीक्षायादीत जाऊन बसले. मार्च 2024 च्या अखेरीस स्टार एअरने येथून नव्याने सेवा सुरू केली, दिल्लीकडे, बेंगळुरूकडे, हैदराबादकडे जाता येऊ लागले. ऑगस्ट 2025 मध्ये विमानतळावरील त्रुटींमुळे उड्डाणे पुन्हा थांबवावी लागली. या वेळी विमान होते, कंपनी होती, प्रवासीही होते. कमी पडली ती जमीन.

पंधरा-सतरा वर्षांत तीनदा सुरुवात आणि तीनदा खंड. कारणे प्रत्येक वेळी वेगळी होती, हे आम्ही जाणतो. परंतु कारण कोणतेही असो, सेवा सुरू ठेवण्याचे काम कोणाचेच नव्हते, हे तिन्ही वेळा सारखे होते.

याला केवळ आमची तक्रार समजू नये. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा ‘उडान’वरील अहवाल ऑगस्ट 2023 मध्ये संसदेपुढे आला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्गांवर एकही विमान उडाले नाही. जे 371 सुरू झाले त्यांपैकी 112 मार्गांनीच सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली. सवलत संपल्यावरही मार्च 2023 पर्यंत चालू राहिलेले मार्ग होते 54. शंभरातले सात! हा नांदेडच्या नशिबाचा भाग मानून सोडून देता येत नाही. योजनेच्या बांधणीतच कच्चा दुवा आहे.

विमान कोणासाठी

आमच्याकडे विमानाची मागणी केली की दोन उत्तरे मिळतात. पहिले, विमान ही श्रीमंतांची चैन आहे. दुसरे, वंदे भारत दिली ना.

वंदे भारतबद्दल आम्ही रेल्वेचे आभारी आहोत. ज्या ऑगस्ट 2025 मध्ये आमची विमाने थांबली, त्याच महिन्यात मुंबई-जालना वंदे भारत नांदेडपर्यंत आली. ती पहाटे नांदेडहून सुटते आणि दुपारी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. प्रवास सुमारे साडेनऊ तासांचा. म्हणजे कार्यालयीन कामासाठी गेलेल्या माणसाचा तो दिवस गेलाच. रात्रीच्या देवगिरीने गेले तर सकाळी पोचता येते. मग फलाटावरच्या प्रतीक्षालयात तोंड धुवायचे, कपडे बदलायचे, दुपारी मंत्रालयाच्या प्रवेशपत्रासाठी रांगेत उभे राहायचे, साहेब बैठकीत असतील तर संध्याकाळपर्यंत थांबायचे आणि त्याच रात्री परतीची गाडी पकडायची. एका सहीसाठी दोन रात्री आणि एक दिवस. पुण्याचा माणूस हेच काम सकाळी निघून करतो आणि रात्री घरी जेवायला असतो. राजधानीपासून पावणेसहाशे किलोमीटरवर राहणे हा काही आमचा अपराध नाही.

पण खरा प्रश्न रुग्णांचा आहे आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल. किनवट, माहूर, हदगाव, देगलूर, अहमदपूर, उदगीर या तालुक्यांतून कर्करोगाचे रुग्ण मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात किंवा हैदराबादला जातात. आमच्या सदस्यांमध्ये डॉक्टर आहेत आणि अशा रुग्णांना घेऊन जाणारे नातेवाईकही आहेत. किमोथेरपीनंतर दोन दिवसांनी ज्या माणसाला पाणीदेखील पोटात ठरत नाही, त्याला रात्रभराच्या गाडीतून आणावे लागते. आरक्षण मिळाले तर बर्थ, नाही तर स्लीपर बस. बसचा एसी बंद करायला सांगितले की इतर प्रवासी कुरकुर करतात. पेशी कमी झालेल्या रुग्णाला गर्दीपासून दूर ठेवा, असे कागदावर लिहिलेले असते आणि तो कागद खिशात ठेवून नातेवाईक त्याला गर्दीतूनच नेतात. रुग्णासोबत एक माणूस, बहुतेक वेळा दोन. प्रत्येक फेरीत त्यांची तीन-चार दिवसांची मजुरी बुडते, राहण्या-खाण्याचा खर्च होतो. हा सगळा हिशेब मांडला तर अडीच-तीन हजारांचे हमीदराचे विमान तिकीट महाग पडत नाही. चैन तर ती मुळीच नाही. मात्र हे तिकीट तारखेला मिळाले पाहिजे. पुढची किमो बहुधा 21 दिवसांनी असते. त्या दिवशी विमान असेल की नाही हे माहीत नसेल, तर शहाणा नातेवाईक आधीच रेल्वेचे आरक्षण करून ठेवणार.

‘प्रवासी मिळत नाहीत’ असा तिसरा आक्षेपही ऐकू येतो, त्याचे उत्तर यातच आहे. आठवड्यातून काही दिवस चालणारे, मध्येच रद्द होणारे, पुढच्या हंगामात असेल की नाही याची खात्री नसणारे विमान लोक सवयीचे करीत नाहीत. आमच्या एका सदस्याला उड्डाणाच्या आदल्या रात्री अकरा वाजता उड्डाण रद्द झाल्याचा संदेश आला, सकाळी मुलाचा प्रवेश मुंबईत होता. पैसे परत मिळाले, प्रवेशाची वेळ परत मिळाली नाही. असे एकदा झाले की ते कुटुंब वर्षभर विमानाच्या वाटेला जात नाही. आधी नियमितपणा, मग प्रवासी. उलटा क्रम लावला तर तो मार्ग कधीच उभा राहणार नाही.

विद्यार्थी, अमृतसर-दिल्लीहून येणारे यात्रेकरू, मुदखेड, लातूर आणि चाकूर येथील केंद्रीय राखीव पोलीस दल व सीमा सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रांतून घरी जाणारे जवान, हे सगळे या मार्गांचे हक्काचे प्रवासी आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, त्या लातूर जिल्ह्याला सज्ज धावपट्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मागण्या

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी ही की ‘उडान’चे अनुदान कंपनीला न देता मार्गनिहाय सेवा करारातून दिले जावे.

सध्या कंपनी मार्ग निवडते, तीन वर्षे अनुदान आणि त्या मार्गावरची मक्तेदारी घेते. मध्येच सोडले तर तिची बँक हमी जप्त होऊ शकते, पण त्या जप्तीतून नांदेडच्या प्रवाशाला विमान मिळत नाही. याउलट एसटीचे पाहा. आडगावी मुक्कामाची गाडी तोट्यात असली तरी जाते, कारण ती सेवा आहे असे राज्याने ठरवलेले आहे. एक चालक रजेवर गेला म्हणून गावाची गाडी कायमची बंद होत नाही, दुसरा चालक येतो. विमानमार्गालाही हाच न्याय लावावा. मार्ग सरकारचा, चालवणारी कंपनी निविदेतून ठरलेली.

हे काही आम्ही नव्याने शोधून काढलेले नाही. युरोपीय संघाने 1987 ते 1992 या काळात तीन टप्प्यांत आपले आकाश खुले केले. एप्रिल 1997 पासून संघातील कोणत्याही देशाची कंपनी दुसऱ्या सदस्य देशाच्या अंतर्गत मार्गावरही उडू शकते. इतकी मोकळीक जगात फार थोड्या ठिकाणी आहे. पण ज्या कायद्यात ही मोकळीक आहे, त्याच कायद्यात, म्हणजे 2008 च्या नियम क्रमांक 1008 मध्ये, दूरच्या आणि मागास भागासाठी लोकसेवेचे बंधन घालण्याची तरतूदही आहे. सरकार मार्ग जाहीर करते, किती फेऱ्या, कोणत्या वेळा, किती भाडे हे ठरवते आणि कोणतीच कंपनी स्वखुशीने पुढे आली नाही तर निविदा काढून साधारण चार वर्षांसाठी ती सेवा सोपवते. युरोपच्या या हवाई बाजारपेठेत सामील असलेल्या नॉर्वेने फिनमार्कसारख्या उत्तर टोकाच्या विरळ वस्तीत लहान लहान विमानतळांचे जाळे याच मार्गाने जिवंत ठेवले आहे. अमेरिकेनेही 1978 मध्ये विमान वाहतूक नियंत्रणमुक्त करताना त्याच कायद्याने लहान गावांसाठी अत्यावश्यक हवाई सेवेची योजना केली. म्हणजे ज्यांनी आकाश सर्वांत जास्त खुले केले, त्यांनीच मागास भागाची हमी कायद्यात लिहून ठेवली. उलट उदाहरण आफ्रिकेचे. तेथील देशांनी 1999 मध्ये यामूसुक्रो येथे खुल्या आकाशाचा निर्णय घेतला, 2018 मध्ये एकच हवाई बाजारपेठ जाहीर केली, पण अंमल करणारी यंत्रणा दुबळी राहिल्याने शेजारच्या देशात जायला दूरच्या शहरातून विमान बदलावे लागते, ही तेथील प्रवाशाची व्यथा अजून संपलेली नाही.

आम्हाला हवा असलेला करार असा : नांदेड-मुंबई, नांदेड-हैदराबाद आणि लातूर-मुंबई या मार्गांवर रोज, नांदेड-दिल्ली-अमृतसर मार्गावर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, मुदत किमान पाच वर्षे, निम्म्या जागांना कमाल भाडे, उड्डाण रद्द झाल्यास कारणासह नोंद आणि अनुदानात कपात, कंपनी बंद पडल्यास दुसऱ्या क्रमांकाच्या निविदाधारकाकडे सेवा आपोआप जावी, फेरनिविदेची वाट पाहू नये. आणि मक्तेदारी नको. करारातील कंपनीला अनुदान मिळेल, पण विनाअनुदान उडायला तयार असलेल्या दुसऱ्या कंपनीला अडवू नये. पैशासाठी नवा कर लागणार नाही. मोठ्या मार्गांवरील उड्डाणांकडून प्रादेशिक जोडणी निधी आधीच घेतला जातो आणि राज्याचा 20 टक्के हिस्साही ठरलेला आहे. 2025 च्या अर्थसंकल्पात सुधारित ‘उडान’ची घोषणा झाली, दहा वर्षांत 120 नवी ठिकाणे जोडण्याचा संकल्प आहे. नवी ठिकाणे जरूर जोडावीत. परंतु ही रचना आधी बदलली नाही तर त्या 120 गावांचेही आमच्यासारखेच होईल.

दुसरी मागणी मार्ग विखुरणीच्या नियमांबाबत. हा विषय लोकांपर्यंत पोचत नाही, पण मराठवाड्यावरचा मोठा अन्याय येथेच आहे. मार्च 1994 पासून देशातील मार्गांच्या श्रेणी केलेल्या आहेत. पहिल्या श्रेणीत नफ्याचे मोठे मार्ग. दुसऱ्या श्रेणीत ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप अशा भागांचे मार्ग, आणि पहिल्या श्रेणीवर उडणाऱ्या कंपनीला तिथल्या क्षमतेच्या ठरावीक टक्के क्षमता या भागात द्यावीच लागते. ते योग्यच आहे. उरलेले सगळे मार्ग तिसऱ्या श्रेणीत. आता या तिसऱ्या श्रेणीत नांदेड-मुंबई जसे येते, तसेच पहिल्या यादीत न बसलेले दोन भरभराटीच्या शहरांमधले मार्गही येतात. कंपनी आपला तिसऱ्या श्रेणीचा कोटा त्या मार्गांवर सहज पूर्ण करते आणि नियम पाळल्याचे प्रमाणपत्र मिळवते. कागदावर मागास भागाची सोय झालेली असते, प्रत्यक्षात एकही विमान मागास भागात गेलेले नसते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 371(2) ने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात विकासखर्चाचे समन्यायी वाटप करण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची तरतूद केली. या भागाचे मागासलेपण घटनेने मान्य केलेले आहे, दांडेकर समितीने 1984 मध्ये अनुशेषाच्या आकड्यांतून दाखवलेले आहे. मग विमानमार्गांच्या श्रेणी करताना ते का दिसू नये? तिसऱ्या श्रेणीत एक उपश्रेणी करावी, मराठवाडा, विदर्भाचे मागास जिल्हे आणि देशातील अशाच इतर प्रदेशांचे विमानतळ तिच्यात घालावेत आणि तिथे द्यायच्या क्षमतेचा किमान टक्का ठरवून द्यावा. यासाठी नवीन कायदा करावा लागत नाही, मंत्रालयाचा एक आदेश पुरतो.

तिसरी, मुंबईत उतरण्याच्या वेळांची. मुंबईच्या जुन्या विमानतळावर वेळा आधीपासून उडणाऱ्या कंपन्यांच्या हाती आहेत. ज्याची वेळ आधी होती त्याचा हक्क पुढच्या हंगामातही आधी, अशी पद्धत असल्याने ७०-८० आसनांच्या लहान विमानाला मिळते ती दुपारची किंवा रात्री उशिराची वेळ. दुपारी दोनला मुंबईत उतरणारे विमान रुग्णाच्या किंवा व्यापाऱ्याच्या कामाचे नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथे सगळेच नवे आहे, कोणाचा जुना हक्क नाही. आत्ताच, त्या वेळा बड्या मार्गांनी भरून जाण्याआधी, मराठवाड्याच्या विमानतळांसाठी सकाळी दहाच्या आत उतरण्याची आणि संध्याकाळी सहानंतर परतण्याची अशी जोडी कायमची राखून ठेवावी. त्या वेळा मार्गाच्या नावावर असाव्यात. कंपनी बदलली तरी वेळ नांदेडची आणि लातूरची राहील. पाच वर्षांनी ही मागणी केली तर तेथेही जागा नाही असेच उत्तर मिळेल, हे आम्हाला आत्ताच दिसते आहे.

चौथी मागणी तीन राज्यांच्या एका प्रदेशाची आहे.

नांदेड, लातूर, बीदर, कलबुर्गी, निजामाबाद, हैदराबाद हा एकेकाळी एकच व्यापारी मुलूख होता. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात होतो. या संस्थानाच्या भागीदारीतील डेक्कन एअरवेज 1940 च्या दशकात हैदराबादच्या बेगमपेठहून उडू लागली आणि 1953 मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. 1956 च्या भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा मराठी मुलखात आला, ते आमच्या मनाचेच झाले. पण सोयरिकी, आडत, दवाखाने आणि नोकऱ्या यांच्या वाटा राज्यांच्या हद्दीपाशी थांबल्या नाहीत. देगलूरचा माणूस अजूनही हैदराबादला जातो, उदगीरच्या माणसाला बीदरचे विमानतळ मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. ही देवाणघेवाण एका प्रदेशातली आणि नैसर्गिक आहे, तिच्यासाठीची हवाई व्यवस्था मात्र तीन सरकारांत वाटली गेली आहे. बीदरच्या विमानतळाचे काय झाले ते आठवा. हैदराबादच्या नव्या विमानतळाच्या करारात 150 किलोमीटरच्या आत दुसरे नागरी विमानतळ नको अशी अट होती, तिच्यापायी बीदरची प्रवासी सेवा वर्षानुवर्षे रखडली आणि 2020 मध्ये कशीबशी सुरू झाली. एका मोठ्या विमानतळाचा करार शेजारच्या राज्यातील गावाचे आकाश अडवू शकतो, हे त्यावरून दिसले.

1956 च्याच राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा स्थापन केल्या. महाराष्ट्र पश्चिम परिषदेत गेला, कर्नाटक आणि आजचा तेलंगण दक्षिण परिषदेत. त्यामुळे ज्या तीन राज्यांना मिळून आमच्या मार्गांचा विचार करायचा, ती तिन्ही एका टेबलावर बसतील असे विभागीय व्यासपीठच नाही. दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद कायद्यात आहे. ती बैठक बोलवावी आणि नांदेड-लातूर-बीदर-कलबुर्गी-हैदराबाद असा एक सामायिक हवाई विभाग मान्य करावा. या विभागात एका विमानाने दिवसभरात तीन-चार गावे जोडावीत, तोट्याचा भार तीन राज्यांनी प्रवाशांच्या प्रमाणात उचलावा, विमानतळ शुल्क आणि इंधनकर सारखे ठेवावेत. आग्नेय आशियातील दहा देशांनी आपापसांत प्रादेशिक उड्डाणांची मोकळीक देणारे करार केले. एकाच देशातील तीन राज्यांना ते अवघड जाऊ नये.

पाचवी मागणी विमानतळांच्या मालकीची आणि जबाबदारीची. 2009 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि तेव्हाचे उस्मानाबाद ही पाच विमानतळे रिलायन्स समूहातील कंपनीला 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. पुढे ती परत घेण्याची भाषा सरकारनेच केली. विमानतळ खासगी असावे की सरकारी, यावर आमच्या सदस्यांत दोन मते आहेत आणि आम्ही त्या वादात पडत नाही. आमचे म्हणणे इतकेच की धावपट्टीवरील खड्ड्याला, कुंपणाला, अग्निशमन गाडीला आणि परवान्याला जबाबदार असा एकच अधिकारी असावा, त्याचे नाव विमानतळाच्या दारात लिहिलेले असावे आणि परवान्याच्या मुदतीआधी तपासणीतील त्रुटी दूर झाल्या की नाहीत हे जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांना सांगावे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सुरक्षेसाठी उड्डाणे थांबवली तर त्याबद्दल आमचा राग नाही. सुरक्षेशी तडजोड नकोच. राग याचा आहे की त्रुटी एका दिवसात तयार होत नाहीत, पण प्रवाशाला त्या एका दिवसात कळतात.

लातूरबाबत स्वतंत्रपणे लिहितो. शिक्षणाच्या लातूर पॅटर्नमुळे राज्यभरातून मुले जेथे येतात, रेल्वेचा डबे निर्मितीचा कारखाना जेथे उभा राहिला, त्या शहराला नियमित प्रवासी विमान नाही. धावपट्टी आहे. तिच्यावर प्रवासी सेवेसाठी काय कमी आहे याची यादी करून, खर्च ठरवून, कालमर्यादेसह ती कामे जाहीर करावीत. नांदेडला दिले म्हणून लातूरला नको, किंवा लातूरला हवे म्हणून नांदेडचे काढा, असे भांडण आमच्यात लावून देऊ नये. हे मागणीपत्र दोन्ही जिल्ह्यांनी मिळून दिलेले आहे.

इंधनकराबाबत थोडक्यात. राज्याने 2023 मध्ये मुंबई, पुणे आणि रायगड येथील विमान इंधनावरचा मूल्यवर्धित कर 25 वरून 18 टक्क्यांवर आणला, ‘उडान’च्या विमानतळांवर तो एक टक्का आहे. सवलत दहा वर्षांची आहे. 2017 पासून मोजले तर नांदेडची मुदत संपत आली. ती संपण्याआधीच वाढवावी, आणि मुंबईत भरलेल्या इंधनावरही मराठवाड्याच्या फेरीपुरता तोच दर लावावा.

शेवटची मागणी माहितीची आहे. कोणत्या मार्गावर महिन्यात किती उड्डाणे ठरली होती, किती झाली, किती जागा भरल्या, किती अनुदान दिले, हे आकडे दर महिन्याला मराठीत प्रसिद्ध व्हावेत. विमानतळ सल्लागार समितीत प्रवासी, रुग्णालये आणि व्यापारी यांचे प्रतिनिधी असावेत आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी होऊन इतिवृत्त जाहीर व्हावे.

यांपैकी दुसरी, तिसरी आणि शेवटची मागणी मान्य करायला पैसा लागत नाही. त्या येत्या वेळापत्रक हंगामापूर्वी मान्य व्हाव्यात, अशी आमची अपेक्षा आहे. पहिल्या आणि चौथ्या मागणीवर मंत्रालय, महाराष्ट्र शासन, तेलंगण व कर्नाटक शासनाचे प्रतिनिधी आणि विमान कंपन्या यांची संयुक्त बैठक नांदेड येथे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनापूर्वी बोलवावी. बैठकीसाठी लागणारी प्रवाशांची, रुग्णांची आणि मालवाहतुकीची स्थानिक माहिती दोन्ही जिल्ह्यांतून गोळा करून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो. त्या दिवसापर्यंत, म्हणजे 17 सप्टेंबरपर्यंत, बैठक झाली नाही, तर दोन्ही जिल्ह्यांतील सर्व तालुक्यांत या मागणीपत्रावर सह्या घेण्यात येतील आणि ते मराठवाड्याचे सर्व खासदार व आमदार यांच्यामार्फत संसद आणि विधिमंडळ यांच्या पुढील अधिवेशनांत मांडले जाईल.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य
नांदेड आणि लातूर

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. राज्यपाल, महाराष्ट्र राज्य
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर
मा. जिल्हाधिकारी, नांदेड व लातूर